ज्या घरी अंथरूण धरलं

मंगलामावशी रोज सकाळी चहाआधी घरातल्या प्रत्येकाच्या मानेला हाताची पाठ लावून बघायची. आधी मुलगा जगदीश, मग सून सुनिता, मग नातू. शेवटी गोठ्यात जाऊन वासराचा कान चिमटीत धरायची. जगदीश दोन पोरांचा बाप झाला तरी तोंडात ब्रश ठेवून मुकाट मान पुढे करायचा. सगळे गार लागले की मावशी ओट्यावर यायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बठ्ठा गार शेतस." सगळे गार आहेत. मगच त्या घरात चहाचं पातेलं चढायचं.

एखादी मान गरम लागली, तर औषध शोधण्याआधी ती एक प्रश्न विचारायची. "कोनाकडलं?"

म्हणजे हे आजारपण कुणाकडचं. नंदुरबारहून प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव शेतीचं आणि नात्यागोत्याचं. इथे कुणी आजारी पडलं की खर्च येतो आणि तो माहेरानं उचलायचा की सासरानं, यावरून चांगली घरं अबोल होतात. मंगलामावशीकडे या सगळ्याची वाटणी तयार असायची. पहिलं बाळंतपण माहेरचं, दुसरं सासरचं, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक. मावशी त्याच्या पुष्कळ पुढे गेली होती. माहेराहून परतलेल्या सुनेला पहिल्या आठवडी बाजाराच्या आत ताप आला तर तो माहेरचा. बाजार उलटला की सासरचा. मुलीला लग्नाआधी शाळेचा फळा दिसत नव्हता असं तिची एखादी मैत्रीण सांगत असेल, तर चष्मा माहेरचा. अक्कलदाढ मात्र नेहमी सासरची. अक्कल तिथेच येते, असं ती म्हणायची आणि सुनिता आत भांडी जरा जोरात ठेवायची.

बायका तिला विचारायला यायच्या. कुणाच्या नणंदेचं गर्भपिशवीचं ऑपरेशन, कुणाच्या भावजयीला सर्पदंश. मावशी ओट्यावर गहू निवडत ऐकायची, एखाददुसरा प्रश्न करायची आणि निकाल द्यायची. तिला बसून निकाल देणं जमायचं नाही. मधेच उठायची, सूप ठेवायची, पुन्हा बसायची. आणि कुठलाच नियम लागू पडेना तेव्हा तिचा एक शेवटचा नियम होता, सगळ्यांच्या वरचा. जिथे अंथरूण धरलं, त्या घराचं आजारपण. माणूस दुखणं घेऊन कुठूनही येवो; ज्या उंबऱ्याच्या आत तो आडवा झाला, त्या घराची जबाबदारी.

हे तिनं हौस म्हणून जमवलेलं नव्हतं. नवी नवरी असताना तिच्या पोटात कळ उठली होती. सासर म्हणालं, पोरीला ही कळ आधीपासूनच असणार. माहेर म्हणालं, दिली तेव्हा धडधाकट होती. दोन्हीकडचे पुरुष एकमेकांच्या निरोपाची वाट बघत बसले आणि तोवर आतडं आत फुटलं. ती वाचली ती एका शेजाऱ्याच्या बैलगाडीमुळे. कुणाकडचं ते आधीच ठरलेलं असलं की वेळ जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या सगळ्या वाटणीच्या तळाशी ती कळ होती.

तिची मुलगी काजल नवापूरला दिलेली. जावई भूपेशची तिथे पोल्ट्री, रस्त्यालगत दोन शेड. तो सासूची थट्टा करायचा, पण आदर राखून. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथल्या एका बाकाच्या मधोमध हद्दीची रेघ आहे. एकदा मावशीला गाडीत बसवून देताना भूपेशनं त्या बाकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "मामी, आठे बशेल मानूसले चक्कर उनी, ते खर्च कोन्ता सरकारना?"

मावशीनं बाकाकडे नीट पाहिलं. "जिकडे डोकं पडी, त्या सरकारना," ती म्हणाली, आणि स्वतःही हसली नाही.

मग काजलला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती रीतीप्रमाणे माहेरी आली, तेव्हा तिची पावलं इतकी सुजलेली होती की चपलेचा पट्टा रुतून वळ उठले होते. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि बाळंत होईपर्यंत भरती राहावं लागेल असं सांगितलं. मावशी तिथून बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच विहिणीला, रंजनाबाईला, फोन लावला. बाळंतपण आमचं, ते आम्ही करतो, ती म्हणाली. पण रक्तदाब हे आजारपण. "पोट आमनाकडलं, बीपी तुमनाकडलं."

पलीकडून रंजनाबाईनं विचारलं, "बीपी काय आमना कोंबड्यासनी दिधं का तिले?"

मग बरंच बोलणं झालं. बाळामुळे रक्तदाब वाढला की रक्तदाब आधीच होता आणि बाळानं तो दाखवला, यावर दोघी भांडल्या. जगदीश म्हणत होता, आधी भरती करू, मग बघू. पण भरती केलं म्हणजे अंथरूण धरलं, आणि अंथरूण धरलं की प्रश्न मिटला, हे मावशीला त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिनं गाडी ठरवली. उशी, पाण्याची बाटली, लिंबू असं सगळं नीट ठेवून तिनं काजलला त्या संध्याकाळी नवापूरला पाठवून दिलं. वाटेत आडवी होऊ नको, असं दोनदा सांगितलं.

काजल सासरी पोचली आणि तिथे अंथरूण धरलं. भूपेशनं तिला सीमेपलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगी वेळेआधी झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली, आणि वाचली. काजलही वाचली. पुढे पोल्ट्रीचं एक शेड विकलं गेलं, त्याचं कारण कुणी बोलून दाखवलं नाही. गल्लीत मात्र मावशीचा मान वाढला. विहिणीला हरवलं, असं बायका म्हणायच्या. ती नको म्हणायची, पण तेव्हाही तिचे हात गव्हात भरभर चालायचे.

नातीचे कान टोचले, ती शाळेत जाऊ लागली. मावशी नवापूरला जायची ती सकाळच्या गाडीनं, आणि दुपारच्या गाडीनं परत. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, ही तर जुनीच रीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गल्लीत रूपाली नावाची एक मुलगी आली. कुठल्याशा संस्थेसाठी ती घरोघरी विचारत होती की वर्षभरात आजारपणावर काय खर्च झाला. मोबाईलमध्ये प्रश्न होते. लोक तिला टाळत होते. मंगलामावशीनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, विचार.

रूपालीनं वर्षभराचा दवाखान्याचा खर्च विचारला. "कोनाकडला?" मावशीनं विचारलं. रूपालीला ते कळलं नाही. ती म्हणाली, तसं नाही. भरती होऊन झालेला खर्च वेगळा, भरती न होता नुसतं दाखवून आणलेल्या गोळ्यांचा वेगळा. तपासण्या वेगळ्या. गाडीभाडं वेगळं. दुकानातून न विचारता आणलेल्या गोळ्याही धरायच्या, त्या बहुतेक लोक सांगतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. शिवाय आजाऱ्याची आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याची बुडालेली मजुरी.

मावशीचं गहू निवडणं थांबलं. जवळ बसणाऱ्याची मजुरी तिच्या आयुष्यभराच्या हिशेबात नव्हतीच. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, काजलच्या वेळचा खर्च तुझ्या मोबाईलमध्ये कुठे बसेल? तो जुना आहे, यंदाचा नाही, रूपाली म्हणाली. पण एरवी लग्न झालेली मुलगी तिच्या सासरच्या घरात मोजतात. मावशीनं आतल्या दाराकडे विजयानं पाहिलं. म्हणजे मोबाईलमधली रीतही तीच.

दारात सुनिता उभी होती. हातात पोळपाट होता. ती रूपालीला म्हणाली, "टोमनासना रकाना शे का ताई, तुम्हना मोबाईलमा?"

रूपाली हसली. सुनिता हसली नाही. कसले टोमणे, असं मावशीनं विचारलं, तेव्हा सुनितानं सांगून टाकलं. काजल तिच्याशी फोनवर बोलायची, आईशी बोलायची नाही ते सगळं. नवापूरला पोरगी शिंकली, खोकली, गुडघा फोडून आली, तरी रंजनाबाई सुनेकडे बघून म्हणायची, "दख, हाऊ खोकला कोनाकडला शे. तुन्ही मायले फोन करी इचार." स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर, भूपेशसमोर. भूपेश आधी हसायचा. हल्ली तो उठून शेडवर जातो.

रूपाली पुढच्या घरी गेली. मावशी ओट्यावर राहिली. त्या दिवशी ती बसली, उठली, अंगणाच्या टोकाला गेली, परत आली, निवडलेले गहू पुन्हा सुपात घेतले. जगदीश घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं की तुला माहीत होतं का. त्यानं मान खाली घातली.

त्यानंतर बायका निकाल मागायला आल्या की ती म्हणायची, तुमचं तुम्ही बघा. त्यांना वाटलं मावशी रुसली. तिचं लक्ष लागत नव्हतं. जेवताना अर्ध्यातून उठायची. रस्त्यावर गाडी वाजली की दारात जायची. तिला नवापूरला जायचं होतं आणि काय म्हणून जावं हे सुचत नव्हतं. माफी मागायची तर विहिणीची की लेकीची, हेही ठरत नव्हतं, आणि तिला ठरल्याशिवाय काही करायची सवय नव्हती.

बोलावणं आलं ते रंजनाबाईकडूनच. भूपेशनं घरावर एक खोली चढवली होती, तिची वास्तुशांती होती. यंदा मुक्कामाला या, असा निरोप होता. मावशीनं रीत मोडली आणि पिशवी भरली.

पूजा छान झाली. काजल सांगते, दोघी विहिणींनी एका ताटात वाढून घेतलं नाही एवढंच, बाकी सगळं हसून-बोलून झालं. जुनं कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काजल चहा घेऊन आली तर माय अंगण झाडत होती. झाडून झालेलं अंगण पुन्हा झाडत होती. कपाळावर घाम, ओठ पांढुरके, आणि डावा हात पदराखाली छातीशी धरलेला.

काय होतंय, असं विचारलं तर म्हणाली, गॅस झालाय, काल पुरण जास्त झालं. काजलनं ओवा दिला. मावशीनं तो उभ्यानं चावला. खुर्ची दिली तर खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग तांदूळ निवडायला मागितले. मग पुन्हा अंगणात फेऱ्या घालू लागली, भिंतीला हात लावत. रंजनाबाई देवपूजा आटोपून बाहेर आली, तिनं एकदाच पाहिलं आणि तिला कळलं की हा गॅस नाही.

"इहीनबाई, जरा आडं पडा ना," ती म्हणाली. वरच्या नव्या खोलीत गादी घातलेलीच होती.

"दिनमा आडं पडानी मले सवय नही."

रंजनाबाईनं भूपेशला गाडी काढायला सांगितलं. दवाखाना चार घरं सोडून होता. मावशी म्हणाली, दवाखान्यात जायचंच तर घरी जाऊन जाईन, माझा डॉक्टर तिकडे आहे. तिचा तिकडे कुणी डॉक्टर नव्हता. काजलनं कार्डाचं सांगितलं, सरकारी योजनेचं कार्ड आहे, कुठेही दाखवलं तरी पैसे लागत नाहीत. मावशीनं ते ऐकलं आणि मानेनंच नाही म्हटलं. पैशाचा प्रश्न असता तर तो सुटला असता. ती आडवी झाली असती तर त्या उंबऱ्याच्या आत झाली असती. पुढे पोरगी खोकेल तेव्हा खोकला कुणाकडचा हे विचारायला रंजनाबाईला नवं कारण मिळालं असतं, आणि तेही मावशीच्याच नियमानं.

हे तेव्हा घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मावशीनं स्वतःच पिशवी उचलली आणि दाराबाहेर पडली. इतकी भराभर चालली की भूपेशला मोटारसायकल तिच्या मागून न्यावी लागली. स्टेशनवर पुढची गाडी लगेच होती. ती नाही म्हणत असताना काजल चढली. घरातून निघतानाच रंजनाबाईनं तिला सांगितलं होतं, जा, पोरीला मी बघते.

गाडीत गर्दी नव्हती. खिडकीजवळची जागा रिकामी होती. मावशी दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहिली. काजलनं जगदीशला फोन करून स्टेशनवर गाडी घेऊन उभं राहायला सांगितलं. चिंचपाडा गेलं. खांडबाऱ्याला एका बाईनं सरकून जागा करून दिली, तेव्हा मावशी बसली. पाठ मात्र टेकली नाही. काजल सांगते, मायचा हात बर्फासारखा गार होता आणि तरीही तो हात काजलच्याच मनगटावर होता, जणू आजारी काजल आहे.

"माय, तठेच दवाखाना व्हता," काजल म्हणाली.

मावशीनं दुसऱ्या हातानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "तठे अथरून धरं असतं, ते तुले जलमभर ऐकनं पडतं."

तेव्हा काजलला कळलं की सकाळपासून अंगणात ते काय चाललं होतं. तिला रडू आलं आणि रागही आला. त्या सुजलेल्या पायांनी याच वाटेनं उलट केलेला प्रवास तिला आठवत होता, पण ती ते बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मी ऐकीच ऱ्हायनू ना इतला वरीस. आखो ऐकी लेसू."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर कापसाची शेतं मागे पळत होती.

नंदुरबारला जगदीश फलाटावरच होता. मावशी स्वतःच्या पायांनी उतरली. जगदीशनं आणलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर ती आडवी झाली, कुणी सांगायच्या आधी, पोराजवळ, आपल्या माणसांत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की दुखायला कधी लागलं, आणि काजलनं सकाळपासून असं सांगितलं. इतकं चालायला नको होतं, असं त्यांनी सांगितलं. दिवस मावळायच्या आत मावशी गेली.

खर्च म्हणाल तर झालाच नाही. कार्डावर सगळं भागलं. गाडी शेजाऱ्याची होती.

रंजनाबाई आली ती नातीला घेऊन, भूपेशच्या आधी, दिसेल त्या गाडीनं. ओट्यावर बसली आणि बायकांनी घातलेला रडण्याचा सूर तिनं धरला नाही. बऱ्याच वेळानं सुनितानं तिला पाणी दिलं, तेव्हा ती तिच्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा घर पडती, ते मी काय तिले उठाडी देतू? बोलनं येगळं, दवाखाना येगळा." पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून होती.

काजल तेराव्यापर्यंत राहिली. बायका तिला विचारायच्या, शेवटी माय काय म्हणाली, काही सांगून गेली का. विचारणाऱ्यांना काही मोठं हवं असायचं, एखादा शेवटचा निकाल. काजल त्यांना म्हणायची, काही नाही. आम्हा एकदोघींना तिनं सांगितलं ते असं, की नंदुरबार यायच्या जरा आधी, गाडी वेग कमी करत असताना, मायनं खिडकीबाहेरची झाडं हलताना पाहिली आणि तिच्या मनगटावर बोटं दाबून म्हणाली, "पोरगीना शाळाना ड्रेस गच्चीवर वाळत टाकेल शे. इहीनबाईले फोन करी सांग, वारा सुटना, काढी लेवा म्हना."